रघुनाथच्या मनात काय होतं

"नंबर नको. नुसता चष्मा पाहिजे."

गणपतीचे दिवस होते. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि हा माणूस दारातल्या पायपुसण्यावर उभा राहून शर्टाच्या बाह्या पिळत होता. सांगलीत विश्रामबागला एक चष्म्याचं दुकान आहे, तिथे मी तेव्हा डोळे तपासायला बसायचे. सकाळपासून 'दिसत नाही, दिसत नाही' करत माणसं येत होती. सगळं नीट दिसत असताना चष्मा मागणारा हा पहिलाच.

"डोळे ठणठणीत असताना चष्मा कशाला?" मी विचारलं.

"माझे आहेत हो ठणठणीत. पण रघुनाथला चष्मा लागतो."

"मग रघुनाथलाच घेऊन या की."

"तो... येणार नाही." तो जरा ओशाळला. "तो नाटकातला आहे."

मी हसू दाबत फ्रेमांचा ट्रे पुढे केला. त्याने एक फ्रेम चढवली आणि आरसा सोडून माझ्याकडेच बघितलं. "कोण दिसतोय?"

"तलाठी."

"आणि ही?"

"लग्नाला नकार मिळालेला तलाठी."

तो इतका मोकळा हसला की आतून मालक डोकावले. "हीच द्या," तो म्हणाला. "फक्त नकार त्याला मिळालेला नाही. त्यानं दिलाय. काचा झिरो नंबरच्या टाका."

"टाकते. पण त्याने तुम्हाला काही वेगळं दिसायचं नाही, आधीच सांगते."

"मला कुठं दिसायचंय? लोकांना मी वेगळा दिसलो म्हणजे झालं."

पाऊस थांबेना, म्हणून तो थांबला. त्याचं नाव जयराज. गाव पलूसच्या अलीकडचं, धंदा ठिबक सिंचनाच्या नळ्या विकण्याचा, आणि खूळ नाटकाचं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांचा ग्रुप नाटक बसवत होता आणि ऐन वेळी त्यांची सुमन, म्हणजे नायिका, पळाली होती.

"अगंबाई! कुणाबरोबर?"

"नवऱ्याबरोबर. हैदराबादला बदली झाली त्याची." मग चष्म्याची डबी खिशात घालता घालता तो म्हणाला, "तुमचा आवाज चांगला आहे. येता का वाचनाला?"

मी वाईची. सांगलीत एक खोली घेऊन एकटी राहणारी. अशी मुलगी संध्याकाळी सहानंतर काय करते? भेळ खाते आणि आईला फोन करते. मी गेले.

नाटकाचं नाव होतं 'शेजारचा क्वार्टर'. कोयनानगरच्या धरण वसाहतीत घडणारं. रघुनाथ भूकंपाची नोंद घेणाऱ्या केंद्रात कामाला असतो. सुमन ही शेजारच्या क्वार्टरमधली नर्स, आणि तिचा त्याच्यावर जीव. तो तिच्याशी कॅरम खेळतो, ती आजारी पडली की पेज करून आणतो, धक्का बसला की आधी तिच्या दारावर थाप मारतो... आणि एवढं करून एका शब्दाने, एका नजरेने पुढे सरकत नाही. शेवटी तिची बदली होते. तो तिची ट्रंक उचलून एस.टी.पर्यंत आणतो आणि म्हणतो, "टपावर सामान नीट बांधून घ्या. घाटात हलतं." पडदा.

नाटक लिहिणारा मनुष्य आमच्या दिग्दर्शकांचा, बाळासोंचा, दोस्त होता. तो संहिता त्यांच्या हातात ठेवून दोन वर्षांपूर्वी वारला. त्यामुळे रघुनाथच्या मनात काय होतं, हे विचारायला कुणीच नव्हतं, आणि म्हणून सगळेच सांगायला मोकळे होते.

"त्याला आदी कुणीतरी फसवलंय," बाळासो म्हणाले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पण अजून हवेत बोटाने रेघा ओढत बोलायचे. "जखम हाय त्याला. नजरेत दिसली पायजे."

"न्हाई सर, त्यो आजारी असणार," रंगभूषेची माया म्हणाली. "पोरीचं वाटुळं नगं म्हणून गप ऱ्हातोय."

"आईला शब्द दिला असंल," लाइट बघणारा धनाजी शिडीवरून ओरडला.

माझं मत ठाम होतं. "तो घाबरतो. आपण बोललो आणि ती नाही म्हणाली तर? म्हणून बोलत नाही. प्रेम तर आहेच. नाहीतर पेज कोण करतं?"

जयराज इतका वेळ खुर्ची उलटी टाकून बसला होता. तो हळूच म्हणाला, "त्याला ते वाटतच नसेल तर?"

"ते म्हणजे?"

"तेच. प्रेम... तसलं. बाकी सगळं वाटतं त्याला. सुमन आवडते, तिच्याशी बोलायला आवडतं, तिला बरं नसलं की जीव खालीवर होतो. फक्त ते वाटत नाही. कुणाबद्दलच नाही. लपवलेलं काही नाही त्यानं."

सगळा हॉल हसला. मीही हसले.

"असं कुठं असतंय व्हय रं?" बाळासो म्हणाले. "माणूस हाय का खांब?"

"असेल की एखादा," जयराज म्हणाला आणि चष्मा काढून पुसायला लागला. काचांवर धूळ काही नव्हती.

तालीम संपली की आमचं भांडण सुरू व्हायचं. तो मला स्कूटरवर खोलीपर्यंत सोडायचा. वाटेत आयर्विन पुलावर आम्ही थांबायचो, कारण भांडण संपलेलं नसायचं. खाली कृष्णा फुगून तांबडी झालेली.

"हे पाणी आमच्या वाईवरून आलंय," मी एकदा ऐटीत सांगितलं.

"म्हणजे तुम्ही धुणी धुवून झाल्यावर आम्हाला पाठवता."

"पूजा करून पाठवतो! फुलं येतात ना वाहत?"

"येतात. तुझंच एखादं असेल म्हणून मी रोज बघतो."

आता सांगा. असं वाक्य एखादा माणूस पावसात, एकाच छत्रीखाली, स्वतःचा अर्धा खांदा भिजवून म्हणाला, तर मुलीने काय समजायचं? मी जे समजायचं तेच समजले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

"रघुनाथच्या पेजेत मीठ बरोबर पडतं," मी दुसऱ्या दिवशी म्हणाले. "सुमन तसं बोलून दाखवते. प्रेम असल्याशिवाय मीठ बरोबर पडत नाही."

"माझं पिठलं खाल्लंस ना तू? मीठ बरोबर होतं?"

"होतं."

"धनाजीसाठी केलं होतं."

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो हसत सुटला. पण एक सांगते — त्याला मी आलं घातलेला चहा पीत नाही हे ठाऊक होतं. मला सर्दी झाली की औषध तो आणायचा. मी तालमीला उशिरा पोचले तर दारात उभा असायचा. आणि नाटकात एक जागा होती. सुमन विचारते, "तुमच्या यंत्राची सुई कधी हलतच नाही का हो?" तो म्हणतो, "हलते की. जमीन हलली की हलते." ते म्हणताना जयराज माझ्याकडे असा बघायचा की माझ्याच पायाखाली काहीतरी सरकायचं. डोळे तपासणं हे माझं रोजचं काम. समोरच्याला किती दिसतं हे मला कळतं. त्या डोळ्यांच्या आत काय आहे, ते कळायला मशीन निघालेलं नाही.

मी मात्र मनाशी पक्कं केलं होतं. रघुनाथ घाबरतो. जयराजही घाबरतो. कुणीतरी धक्का द्यायला हवा, एवढंच.

दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली. शेवटच्या प्रवेशाला जुनी लोखंडी ट्रंक हवी होती. जयराजचे वडील सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. त्यांची ट्रंक घरी माळ्यावर होती. "चल, आईपण म्हणतेय कधीची, घेऊन ये त्या वाईच्या पोरीला," तो म्हणाला. मी कपाटातला सगळ्यात चांगला ड्रेस घातला. ट्रंक आणायला कुणी असं नटून जातं का? मी गेले.

शालूमावशी — जयराजची आई — दारातच उभ्या होत्या. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. माझ्यावरून ओवाळून टाकला आणि मगच आत घेतलं. जयराज ट्रंक काढायला माळ्यावर चढला, ती खाली घेतली, आणि जीपला बांधायला बाहेर गेला. मावशींनी मला पाटावर बसवलं.

"वढणी म्होरं धर, बाय."

"मावशी, माझं लग्न नाही झालेलं..."

"म्हाईत हाय की. म्हणूनच म्हंते, धर."

हळद, कुंकू. मग ओंजळीने गहू, हिरवा खण, आणि त्यावर शेंडीचा नारळ. वाईला घाटाजवळ माझ्या बाबांचं पूजासाहित्याचं दुकान आहे. नारळांच्या राशीतच मी वाढले. पण माझ्या ओटीत नारळ पहिल्यांदाच पडत होता.

"आमच्यात लगीन न झाल्याली पोरगी असली की नुसतं कुकू लावत्यात," मावशी म्हणाल्या. "वटी भरली की ती आमची झाली. किती पोरी दावल्या गं त्याला... एकीकडं मान वर करून बगितलं न्हाई. गावात मानसं काय काय बोलत्यात. आन् तुझ्यासंगं फोनवर लहान पोरावानी खिदळतोय. मला तवाच कळलं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "देवानं ऐकलं माझं."

मी खाली वाकून पाया पडले. गहू आणि खण मी ओढणीत बांधून पिशवीत ठेवला. नारळ मावला नाही म्हणून हातातच राहिला. जयराज आत आला. घामेजलेला, केसांत माळ्यावरचं जळमट. माझ्या हातातल्या नारळाकडे बघून म्हणाला, "वा, आईनं नारळ दिला? बरं झालं. रंगमंचाच्या पूजेला लागणारच होता."

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. लाजतोय, म्हटलं. सगळं ठाऊक असून कसं वेड घेऊन पेडगावला जातोय बघा.

त्या रविवारी मी खण घेऊन वाईला गेले. आमचं आडनाव वेगळं, त्यांचं वेगळं, ताटातले पदार्थसुद्धा वेगळे. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी दुकानात कापराच्या पुड्या बांधता बांधता मान वर न करता म्हणाले, "डोळे तपासतेस लोकांचे. नीट बघूनच ठरवलं असशील. बोलावून घे त्यांना." आई तर तोवर खणाचं पोलकं शिवायला टाकूनही मोकळी झाली होती. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून गाणी गुणगुणत आले. शेजारची बाई दोनदा वळून बघत होती. बघू दे, म्हटलं.

संध्याकाळी सांगलीच्या घाटावर मी जयराजला गाठलं. पाऊस केव्हाच सरला होता, कृष्णा पुन्हा निवळली होती. कुणीतरी सोडलेला द्रोणातला दिवा काठाशीच अडकून बसला होता आणि तो काठीने त्याला पुढे ढकलत होता.

"बाबा हो म्हणाले," मी म्हणाले. "रविवारी तुम्हाला सगळ्यांना वाईला बोलावलंय."

"कशाला?"

"पोह्यांना."

"पोहे खायला वाईपर्यंत?" तो हसला. मग माझं तोंड बघून त्याचं हसू हळूहळू गेलं. "ऋचा... काय बोलतेस तू?"

"मावशींनी ओटी भरली ना माझी. तू नारळ बघितलास की."

"ओटी? तो नारळ..." त्याने काठी खाली ठेवली. "मला वाटलं, पूजेचा."

खरंच वाटलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं, तो लाजला नव्हता. वेड घेऊन पेडगावलाही गेला नव्हता. त्याला साधा नारळ दिसला होता, कारण तिथे साधा नारळच होता.

"दुसरी कुणी आहे का?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"नाही."

"मग... कुणी मुलगा? तसं असेल तर सांग. मी काही —"

"नाही गं. तसंही नाही. ते पण माझं मला विचारून झालंय." तो पायरीवर बसला. "कॉलेजात पोरं रात्र रात्र बोलायची. मीपण बोलायचो. पाठ केलेली वाक्यं म्हणावीत तसं. वाटायचं, उशीर असेल, होईल. मग वाटलं, चांगली कुणी भेटली की होईल. मग तू भेटलीस." त्याने अडकलेल्या दिव्याकडे बघितलं. "तुझ्याहून चांगली कोण भेटणार? तेव्हा कळलं, होणार नाही."

मी एक पायरी सोडून बसले.

"सहा वाजले की मी तुझी वाट बघतो," तो म्हणाला. "तू नसलीस की तालमीत मन लागत नाही. हे सगळं खरं आहे, ऋचा. त्यातलं एक अक्षर खोटं नाही. पण तू त्याच्यामागं आणखी काहीतरी शोधतेस. तिथं ते नाही. मी बघून आलोय."

"मला चालेल," मी म्हणाले. "आहे तेवढं चालेल. कितीतरी घरांत एवढंही नसतं. तू माझा चहा ओळखतोस, औषध आणतोस... मला पुरेल रे."

माझी मलाच कीव येत होती, पण तोंड थांबत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. प्रेमाने बघितलं, असंच मी म्हणणार. दुसरा शब्द मला येत नाही.

"तू हो म्हणालीस तर मी लग्न करीन," तो म्हणाला. "आईचं सोनं होईल. पण रोज सकाळी चहा देताना तू माझ्या तोंडाकडं बघशील. आज सुई हलली का, म्हणून. आणि मी ओशाळत राहीन."

"नाही बघणार."

"बघशील. इतके महिने झाले, तू त्या रघुनाथला सोडलं नाहीस. तो तर कागदावरचा माणूस आहे."



एखादी सवत असती तर तिला शिव्या दिल्या असत्या. जात आडवी आली असती तर मी जगाशी भांडले असते. बाबांशी भांडून तर झालंच होतं. त्याने फसवलं असतं तर शापही दिला असता. पण इथे कुणीच वाईट नव्हतं, आणि म्हणून कुणाशी भांडायलाही जागा नव्हती. मी खोलीवर आले. फळीवर नारळ होता, त्याच्या शेंडीला हळदीकुंकू लागलेलं. मी त्याच्याकडे पाठ करून पडले आणि उशीत तोंड खुपसून रडले. किती वेळ, ते सांगण्यात अर्थ नाही.

बाबांना फोन केला. "रविवारचं राहू द्या," एवढंच मी म्हणाले. बाबा म्हणाले, "बरं. तू जेवलीस का?"

नाटक मात्र सोडता येईना. स्पर्धा चार दिवसांवर आलेली, आणि दुसरी सुमन कुठून आणणार? जयराजने मला एकदाही गळ घातली नाही. तालमीला मी गेले तेव्हा तो दारात उभा होता, नेहमीसारखा. नेहमीसारखा! त्याच शब्दाने माझं काळीज फाटत होतं. त्याच्याकडून काहीच बदललं नव्हतं, कारण त्याच्याकडे बदलण्यासारखं काही नव्हतंच.

प्रयोगाच्या संध्याकाळी पडद्यामागे पूजा मांडली. बाळासो उदबत्ती ओवाळता ओवाळता खेकसले, "नारळ कुणाकडं हाय रं?"

"माझ्याकडे," मी म्हणाले आणि पिशवीतून काढून दिला.

ओटीचा नारळ असा फोडत नाहीत. घरात गोडाधोडात घालून घरच्यांनी खायचा असतो. दुकानात बसून मी किती बायकांना हे सांगितलं असेल. जयराजने शेंडीवरचं कुंकू बघितलं. त्याचा अर्धा मेकअप झालेला, डोळ्यांवर माझ्याच दुकानातला चष्मा. तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

"बाळासो, फोडा," मी म्हणाले.

एका घावात फुटला. पाणी रंगमंचावर सांडलं. "ग्वाड निगाला बगा," माया म्हणाली आणि सगळ्यांना तुकडे वाटले. माझ्या वाटणीचा मी खाल्ला. खरंच गोड होता.

तिसरी घंटा व्हायच्या आधी मी विंगेत जयराजजवळ गेले. बाळासोंनी त्याला बजावून ठेवलं होतं की शेवटी ट्रंक देताना हात जरा जास्त वेळ राहू दे, नजर खाली जाऊ दे, लोकांना जखम दिसली पाहिजे. तालमीत तो ते मुकाट्याने करायचा.

"जखमबिखम काही करू नकोस," मी म्हणाले. "तुला तो जसा माहीत आहे, तसा कर."

"बाळासो मारतील."

"मारू दे."

आणि त्याने तसा केला. शेवटच्या प्रवेशात ट्रंक घेऊन आला, खाली ठेवली, कडी ओढून बघितली. माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "टपावर सामान नीट बांधून घ्या. घाटात हलतं." त्या वाक्यात ट्रंकेची काळजी होती, माझी काळजी होती. त्याखाली काही नव्हतं. इतक्या जवळून, भर उजेडात मी बघितलं. सुमनने नुसती मान हलवायची असते. मी हलवली. मग जे संहितेत नव्हतं ते झालं, मला हुंदका आला. अंधारातून टाळ्या आल्या.

मेकअपच्या खोलीत सगळ्यांत आधी शालूमावशी शिरल्या. गावची दोन माणसं बरोबर घेऊन त्या नाटकाला आल्या होत्या. रडून रडून डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाल्या, "किती गं जीव हुता त्याचा तिच्यावर! बोलला न्हाई येडं. मनातच ठिवलं."

खोलीत माया होती, धनाजी होता, दोघांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात आरशासमोर जयराज तोंडाचा रंग पुसत होता. त्याचा हात तसाच थांबला. त्याला वाटलं असणार, आता ही काय बोलते. मावशींच्या समाधानासाठी मी 'हो' म्हणू शकत होते. ते 'हो' किती दिवस पुरलं असतं? पुढचं स्थळ येईपर्यंत. मग त्याला पुन्हा कुणीतरी पाटाशेजारी उभं केलं असतं.

"नव्हता हो, मावशी," मी म्हणाले. "त्याच्या मनात तसं काही नव्हतं."

"आसं कसं? मग ट्रंक कशापायी उचलून आनली त्यानं एवढ्या लांब?"

"चांगला माणूस होता म्हणून."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग आरशातल्या लेकाकडे. मग परत माझ्याकडे. अडाणी असतील, पण चार जनावरं आणि एक सुभेदार सांभाळलेली बाई होती ती.

"नारळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"पूजेला फोडला."

माझ्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "खन राहू दे तुला," म्हणाल्या. "वटी माघारी घेत न्हाईत." मग लेकापाशी गेल्या, त्याच्या हातातला बोळा घेतला आणि लहानपणी पुसत असतील तसं त्याच्या कपाळाचा रंग पुसायला लागल्या. तो डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी बाहेर गेले.

साताऱ्याला एका डोळ्यांच्या दवाखान्यात जागा होती. मी ती घेतली. वाईहून रोज जाऊन येऊन करता येतं. सांगलीची खोली सोडली त्या सकाळी जयराज स्कूटर घेऊन आला. नको म्हटलं तरी माझी मोठी बॅग त्यानेच उचलली, स्टँडवर आणली, साताऱ्याची बस लागली तशी आत चढवली. चहा घेऊन आला. त्यात आलं नव्हतं.

"फोन करशील?" त्याने विचारलं.

"काही दिवस नाही," मी म्हणाले. "मग... बघू."

"बरं." तो खिडकीशी उभा राहिला. कंडक्टरने घंटी मारली. काहीतरी बोलायचं असल्यासारखी त्याने मान वर केली, आणि माझं खुळं मन — इतकं सगळं होऊनसुद्धा — थांबलं. श्वास धरून थांबलं.

"डाव्या बाजूला सरक," तो म्हणाला. "इकडं ऊन येईल. पार कराडपर्यंत."

बस निघाली. मी डावीकडे सरकले. त्याच्या त्या वाक्यात उन्हाची काळजी होती, माझी काळजी होती. आणखी काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मीच तर सगळ्यांना सांगून आले होते. तरी कराड आलं, कोयनेचा पूल मागे पडला, आणि मी ते वाक्य मनात उलटंपालटं करून बघतच होते.